सुबारू: आडव्या इंजिनाचं कौतुक आणि त्याच इंजिनाच्या तक्रारी

सुबारू या जपानी गाडीच्या मालकांची मतं ऐकायला बसलं की दोन टोकं समोर येतात. एक जण म्हणतो, बर्फात, चिखलात, ओल्या घाटात हिच्यासारखी गाडी नाही, तीन लाख किलोमीटर झाले तरी विकायचं मनात येत नाही. दुसरा म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सील) गेलं, ऑइल पिते, एक टायर फाटला तर चार घ्यावे लागतात, पुन्हा नाव काढणार नाही. दोघंही खरं बोलतात. गंमत अशी की कौतुक आणि तक्रार दोन्ही एकाच निर्णयातून आलेली आहेत. १९६६ साली या कंपनीने इंजिन आडवं पाडलं आणि त्यानंतर तिच्या मोठ्या गाड्यांत ते आडवंच राहिलं.

कंपनीचं मूळ विमानांत आहे. चिकुहेई नाकाजिमा या नौदलातल्या अभियंत्याने १९१७ साली गुन्मा प्रांतातल्या ओता इथे विमान संशोधनाचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत नाकाजिमा ही जपानच्या सर्वांत मोठ्या विमान कंपन्यांपैकी एक झाली होती. हायाबुसा हे लढाऊ विमान तिचं. प्रसिद्ध झिरो विमानाचा आराखडा मित्सुबिशीचा, पण त्यातलं साकाए इंजिन नाकाजिमाचं, आणि झिरोची विमानं संख्येने जास्त बनवली तीही नाकाजिमानेच. युद्ध संपलं, विमानं बनवण्यावर बंदी आली, आणि हाताशी उरलेल्या कौशल्यातून १९४६ साली रॅबिट ही स्कूटर निघाली. १९५० मध्ये कंपनीचे बारा तुकडे केले गेले. त्यांपैकी पाच कंपन्यांनी १९५३ मध्ये एकत्र येऊन फुजी हेवी इंडस्ट्रीज उभी केली. पहिले अध्यक्ष केंजी किता यांनी गाडीला सुबारू हे नाव दिलं. सुबारू म्हणजे आपल्याकडच्या कृत्तिका. बोधचिन्हातला मोठा तारा नव्या कंपनीचा आणि पाच छोटे एकत्र आलेल्या कंपन्यांचे. २०१७ पासून कंपनीचं अधिकृत नावही सुबारू कॉर्पोरेशन असंच आहे.

विमानवाल्यांचा हात पहिल्या लोकप्रिय गाडीतच दिसतो. १९५८ ची सुबारू ३६०, मुख्य अभियंता शिनरोकू मोमोसे. वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो, छप्पर फायबरचं, वजन फक्त ३८५ किलो. मागे ३५६ सीसीचं हवेने थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद १६ अश्वशक्ती. जपानच्या अरुंद रस्त्यांवर चार माणसांचं कुटुंब त्यात बसून जात असे. १९७१ पर्यंत ३ लाख ९० हजारांहून अधिक गाड्या बनल्या. हीच गाडी माल्कम ब्रिकलिन यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत आणली. हजार पौंडांपेक्षा कमी वजनामुळे तिथले सुरक्षेचे नियम तिला लागू होत नव्हते. पण १९६९ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकाने तिला 'अस्वीकार्य' असा शेरा दिला. ताशी ८० किलोमीटर गाठायला ३७.५ सेकंद लागत होते. छोट्या गल्लीसाठी बनवलेली गाडी महामार्गावर सोडली, तर दोष गाडीपेक्षा विकणाऱ्याचा जास्त, असं मला वाटतं.

आता १९६६ कडे. सुबारू १००० या गाडीत मोमोसेंच्या चमूने ९७७ सीसीचं चार सिलिंडरचं बॉक्सर इंजिन बसवलं. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, पिस्टन आडवे धावतात. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत जातात, त्यामुळे एकाचा हादरा दुसरा खाऊन टाकतो. इंजिन बुटकं असल्याने वजन जमिनीजवळ राहतं. पण खरी हुशारी मांडणीत होती. इंजिन पुढच्या चाकांच्या आसाच्याही पुढे, त्यामागे डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी), त्यामागे गिअरबॉक्स, सगळं गाडीच्या मध्यरेषेवर. त्यामुळे पुढच्या चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे सारख्या लांबीचे. आणि गिअरबॉक्सचं मागचं टोक आधीपासूनच मागच्या चाकांकडे तोंड करून उभं. तिथून एक प्रॉपेलर शाफ्ट मागे नेला की चारही चाकं ओढायला लागतात.

तो शाफ्ट नेण्याची मागणी बाहेरून आली. तोहोकू भागातल्या वीज कंपनीला बर्फातून तारा दुरुस्त करायला जाण्यासाठी गाडी हवी होती. जीप चालायची, पण हिवाळ्यात ती गारठवणारी आणि लांबच्या पल्ल्याला दमवणारी. मियागीच्या सुबारू विक्रेत्याने एफएफ-१ या गाडीला मागचं डिफरन्शियल निस्सान ब्लूबर्डचं लावून नमुना तयार केला. पुढे कंपनीने ते काम हाती घेतलं आणि १९७२ मध्ये लिओन एस्टेट व्हॅन फोर-व्हील ड्राइव्हमध्ये बाजारात आली. साध्या प्रवासी गाडीत चार चाकांची ओढ देऊन ती मोठ्या संख्येने विकायचं काम इथून सुरू झालं. अमेरिकेच्या बर्फाळ राज्यांत सुबारूने पाय रोवले ते याच बळावर.

१९८९ ची लेगसी हा पुढचा मोठा टप्पा. तिच्यासाठी ईजे मालिकेचं नवं इंजिन आलं आणि बाजारात आणताना कंपनीने ॲरिझोनातल्या चाचणी मार्गावर लेगसी १ लाख किलोमीटर अखंड पळवली, सरासरी ताशी २२३.३४५ किलोमीटर वेगाने. टायर, ऑइल, इंधन आणि चालक बदलण्यापुरतं थांबायचं, की पुन्हा निघायचं. १९९२ मध्ये इम्प्रेझा आली. १९९५ ते १९९७ अशी सलग तीन वर्षं जागतिक रॅलीचं निर्मात्यांचं विजेतेपद सुबारूकडे होतं. चालकांमध्ये १९९५ ला कॉलिन मॅक्रे, २००१ ला रिचर्ड बर्न्स आणि २००३ ला पेटर सोलबर्ग विजेते झाले. निळ्या गाडीवरची सोनेरी चाकं आणि तो घरघरता आवाज लोकांच्या मनात बसला तो याच काळात. त्या आवाजाचं कारणही सांगून टाकतो. डावी-उजवीकडच्या सिलिंडरांपासून टर्बोपर्यंत जाणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्या कमी-जास्त लांबीच्या आहेत, म्हणून धुराचे ठोके सारख्या अंतराने पोचत नाहीत. नळ्या सारख्या लांबीच्या केल्या की तो आवाज जातो.

इथपर्यंतचं कौतुक झालं. मालकांच्या तक्रारींत पहिलं नाव असतं ईजे२५ या अडीच लिटरच्या इंजिनाचं, आणि इथे थोडं थांबून बघायला हवं.

याच घराण्यातल्या २.२ लिटरच्या ईजे२२ इंजिनाबद्दल जुने मालक आणि मेकॅनिक भरभरून बोलतात. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ९६.९ मिलिमीटर. अडीच लिटर करताना बोअर ९९.५ मिलिमीटर केला, पण सिलिंडरांमधलं केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर तेवढंच राहिलं. म्हणजे सिलिंडरची कड आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) वाट यांच्यामध्ये गॅस्केटला दाबून धरायला मिळणारी जागा घटली. त्यात इंजिन आडवं. उभ्या इंजिनात गाडी बंद केली की ऑइल खाली उतरतं आणि हेडचा जोड बऱ्यापैकी कोरडा राहतो. बॉक्सरमध्ये हेडची खालची कड ऑइल आणि कूलंटमध्ये भिजत राहते, वर्षानुवर्षं.

यातून दोन वेगळे बिघाड होतात आणि ते एकच समजण्याची चूक फार जण करतात. १९९६ ते १९९९ च्या सुमाराच्या डबल कॅमच्या ईजे२५डी इंजिनात गॅस्केट आतून फुटतं. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो. गाडी उभी असताना, गावात फिरताना काहीच कळत नाही. लांब चढावर किंवा महामार्गावर तासभर पळवली की तापमानाचा काटा अचानक चढतो. अशा गाडीचं इंजिन गरम असताना कूलंटच्या जादा टाकीत बुडबुडे येतात, टाकीच्या आत काळपट थर असतो आणि त्याला धुराचा वास येतो. खात्री करायची तर निळ्या द्रवाची वायूचाचणी करावी. रेडिएटरच्या तोंडाशी धरलेला निळा द्रव पिवळा झाला की गॅस्केट गेलं.

त्यानंतरच्या सिंगल कॅमच्या ईजे२५१ आणि ईजे२५३ मध्ये गळती बाहेरून होते. आधी ऑइलचा ओलावा, मग कूलंट. हे बघायला गाडी वर उचलून, विजेरी घेऊन, ब्लॉक आणि हेड यांच्या जोडाची खालची रेष पाहावी लागते. मात्र वर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळत असेल तर तेच ऑइल ओघळून तिथे येतं. म्हणून आधी सगळं धुऊन, पाचशे किलोमीटर चालवून मग पुन्हा पाहावं. नुसतं ऑइल पाझरत असेल तर लक्ष ठेवून गाडी वापरता येते. कूलंट गळत असेल तर थांबू नये.

दुरुस्ती कशी करायची यावर मालकांची मतं अनुभवातून पक्की झालेली आहेत, आणि मला ती पटतात. मूळ गॅस्केट एका थराचं, लेप दिलेलं होतं. त्याजागी टर्बो इंजिनात वापरतात ते अनेक पोलादी थरांचं गॅस्केट बसवावं. दोन्ही बाजूंची बदलावीत, गळत असलेली एकच नव्हे. हेडची सपाटी सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर हेड मशीनवर घासून घ्यावं. पोलादी थरांच्या गॅस्केटला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, खरखरीत हेडवर ते टिकत नाही. घाईत हाताच्या यंत्राने खरवडलेल्या हेडवर नवं गॅस्केट वर्षभरात गळल्याच्या तक्रारी वाचाल, त्यांचं मूळ इथे आहे. इंजिन खाली उतरवून काम करणं शेवटी सोपं पडतं. बॉक्सर बाहेर काढणं दिसतं तितकं अवघड नाही, आणि बाहेर असताना टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा पट्टा), वॉटर पंप, कॅम आणि क्रँकची सील हे सगळं त्याच वेळी होतं.

थर्मोस्टॅट मूळ कंपनीचाच घ्यावा. या इंजिनात तो खाली, वॉटर पंपाच्या तोंडाशी बसतो. मूळ भाग आकाराने मोठा आणि स्प्रिंग दणकट असते. बाहेरचा स्वस्त थर्मोस्टॅट बसतो खरा, पण कूलंटचा प्रवाह कमी करतो. भरतानाही घाई नको. इंजिनात हवा अडकते. वरची रेडिएटरची नळी काढून आधी इंजिनात कूलंट ओतावं, नळी लावून मग रेडिएटर भरावा. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो भरताना उघडा ठेवावा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन चालू द्यावं. हीटरमधून गार हवा येत असेल तर आत अजून हवा आहे. नवीन गॅस्केट घालूनही गाडी तापते असं सांगणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची अडचण इथेच असते.

टायमिंग बेल्टबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची. ईजे२५ मध्ये बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. अमेरिकेत मुदत १,०५,००० मैलांची, म्हणजे सुमारे १,६९,००० किलोमीटरची सांगितली जाते, तर जपानसह इतर अनेक ठिकाणी १ लाख किलोमीटरची. बेल्ट स्वतः क्वचित तुटतो. बहुतेक वेळा दातेरी आयडलर पुलीची बेअरिंग जाम होते आणि ती बेल्ट खाते. म्हणून नुसता बेल्ट बदलून समाधान मानू नये. टेन्शनर, सगळ्या आयडलर आणि वॉटर पंप एकाच खेपेत बदलावेत.

याच इंजिनात गार असताना पहिली काही मिनिटं टकटक ऐकू येते. पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालची बाजू, आखूड आहे, तो गरम होईपर्यंत सिलिंडरला आपटतो. आवाज तापल्यावर गेला तर काळजी नाही. गरम इंजिनात, वेग वाढवताना वाढत जाणारी ठकठक असेल तर ती कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची, आणि ती गाडी घेऊ नये.

२०१० मध्ये एफबी मालिका आली. बेल्टच्या जागी साखळी आली, हेड गॅस्केटची बदनामी मागे पडली, ऑइल फिल्टर इंजिनाच्या वर आणल्याने बदलायला हात घाण करावे लागत नाहीत. पण घर्षण कमी करण्यासाठी पिस्टन रिंगांचा ताण कमी केला आणि पातळ ०डब्ल्यू-२० ऑइल दिलं. परिणाम असा की २०११ ते २०१४ च्या फॉरेस्टरसह काही मॉडेल्स ऑइल खायला लागली. अमेरिकेत मालक कोर्टात गेले. तडजोडीत कंपनीला या दोषाची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. अशी गाडी घेणाऱ्याने प्रत्येक दुसऱ्या वेळी इंधन भरताना डिपस्टिक काढायचीच. मोजायचं सपाट जागी, सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. नुकत्याच थांबलेल्या बॉक्सरमध्ये ऑइल दोन्ही बाजूंच्या हेडमध्ये असतं, खाली यायला वेळ लागतो. डिपस्टिकच्या दोन बाजूंवर वेगवेगळी रेघ दिसते, त्यांतली खालची खरी धरावी. दोन खुणांमध्ये सुमारे १ लिटर मावतं.

काही वर्षं वापरलेल्या एफबीमध्ये कॅम कॅरिअरच्या जोडातून ऑइल पाझरतं. तिथे गॅस्केट नाही, सीलंटचा थर आहे. नीट दुरुस्ती करायची तर इंजिन उतरवावं लागतं, म्हणून नुसता ओलावा असेल तर बरेच जाणकार मालक तसंच चालू देतात. थेंब एक्झॉस्टवर पडून जळका वास येऊ लागला की मग काम काढतात. सीलंटबाबत एक इशारा. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी मोठा रिकॉल निघाला, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या, त्यात बीआरझेड ही स्पोर्ट्स गाडीही होती. त्या कामात कुठे कुठे सीलंट जास्त लावलं गेलं, त्याचे तुकडे सुटून ऑइल ओढणाऱ्या नळीच्या जाळीत अडकले, आणि दुरुस्त होऊन आलेली इंजिनं ऑइलविना बसली. असं काम झालेल्या गाडीची ऑइल पॅन उघडून जाळी बघून घेणं शहाणपणाचं.

टर्बोवाल्यांचं जग वेगळं. अडीच लिटरच्या टर्बो ईजेमध्ये पिस्टनच्या रिंगांमधला पातळ कठडा तुटतो, बहुधा चौथ्या सिलिंडरमध्ये. नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका) झालं की ओतीव पिस्टनचा हा भाग पहिला जातो. त्यात वरून ट्यूनिंग केलेलं असेल तर आणखी लवकर. दुसरं, टर्बोकडे जाणाऱ्या ऑइलच्या बोल्टमध्ये बारीक जाळी असते. ऑइल वेळेवर बदललं नाही की ती बुजते आणि टर्बो कोरडा पडतो. वापरलेली डब्ल्यूआरएक्स, म्हणजे टर्बोवाली वेगवान सुबारू, घेताना चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडर दाब धरून ठेवतं का) तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बदल न केलेली, मूळ अवस्थेतली गाडी शोधायला सहा महिने लागले तरी शोधावी.

आता टायर. मालकांना सर्वांत जास्त चिडवणारी ही गोष्ट, आणि सर्वांत कमी समजावून सांगितली जाणारी. कंपनी सांगते की चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे ६.४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. परिघातले ६.४ मिलिमीटर म्हणजे त्रिज्येत जेमतेम १ मिलिमीटर. पुढची आणि मागची चाकं मधल्या क्लचने किंवा डिफरन्शियलने कायम जोडलेली असतात. एक टायर नवा, तीन झिजलेले असले तर सरळ रस्त्यावरही वेगातला फरक राहतो आणि मधला क्लच सतत घासत राहतो. तो तापतो, प्लेटा चिकटतात. मग अरुंद जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवलं की गाडी अडखळते, कुणीतरी ब्रेक धरल्यासारखी. उपाय साधा आहे. दर १०,००० किलोमीटरला टायर पुढे-मागे करावेत म्हणजे चारही सारखे झिजतात. एकच खराब झाला तर नवा टायर यंत्रावर घासून बाकीच्यांच्या मापाचा करून देणारे मिळतात. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये बोनेटखाली एफडब्ल्यूडी (फक्त पुढच्या चाकांची ओढ) असं लिहिलेली रिकामी फ्यूजची जागा असते. छोटं स्टेपनी चाक लावायची वेळ आली तर तिथे फ्यूज घालून मागच्या चाकांची ओढ बंद करता येते. बंद पडलेली गाडी ओढून न्यायची तर चारही चाकं वर, सपाट ट्रकवर. दोन चाकं रस्त्यावर ठेवून ओढली की मधला क्लच जळतो.

२००९ पासून लिनिअरट्रॉनिक सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांच्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक, आला. पट्ट्याऐवजी साखळीवर चालणारा हा गिअरबॉक्स मायलेज सुधारतो, पण पाय दाबल्यावर येणारा एकसुरी आवाज कित्येकांना आवडत नाही. सुरुवातीच्या वर्षांत व्हॉल्व्ह बॉडी आणि टॉर्क कन्व्हर्टर बिघडल्याने अमेरिकेत त्याचीही वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख मैल केली गेली. थांबताना इंजिन बंद पडणं किंवा कमी वेगात थरथर ही त्याची पहिली खूण. त्याचं ऑइल आयुष्यभर बदलायला नको, यावर विश्वास ठेवू नये. भार ओढणाऱ्यांनी आणि घाटात राहणाऱ्यांनी तर ५० ते ६० हजार किलोमीटरला बदलावं. फक्त त्या मॉडेलसाठी सांगितलेलंच ऑइल, आणि पातळी ठरलेल्या तापमानाला मोजूनच.

आयसाइट या दोन कॅमेऱ्यांनी पुढचा रस्ता बघून टक्कर टाळायला मदत करणाऱ्या यंत्रणेबद्दल मालक मनापासून चांगलं बोलतात. २००८ मध्ये जपानात ती सुरू झाली. कॅमेरे पुढच्या काचेला लागून आहेत, त्यामुळे काच बदलली की त्यांची जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते. काचेच्या बिलात हे काम आहे का, ते आधीच विचारावं. थोडे दिवस उभी ठेवल्यावर बॅटरी उतरण्याची तक्रार २०१५ ते २०२० च्या गाड्यांत इतकी झाली की तीही कोर्टात गेली. बॅटरी बदलताना जास्त क्षमतेची घेणं हा मालकांनी शोधलेला उपाय.

स्पार्क प्लगसाठी बॅटरी, एअर फिल्टरचा डबा आणि वॉशरची टाकी बाजूला काढावी लागते. प्लग चासीच्या दांड्यांकडे तोंड करून आडवे बसतात, हात जेमतेम जातो. इंजिन पूर्ण गार असताना, आखूड एक्सटेन्शन जोडून हळूहळू काढावेत. गरम ॲल्युमिनियममध्ये आटे सोलले तर काम दसपट वाढतं.

जुनी सुबारू बघायला जाताना आधी फोन करून इंजिन गार ठेवायला सांगावं. बोनेटला हात लावून बघावा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी यावं. कूलंटची टाकी, डिपस्टिक, मग चारही टायरांचा ब्रँड आणि खोली. मागची चाकं हलवून बेअरिंगचा ढिलेपणा, मागच्या चाकांच्या कमानींच्या आतला गंज. त्यानंतर कोरड्या डांबरावर स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूंनी सावकाश एकेक गोल. मग किमान अर्धा तास महामार्गावर, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून. परत येऊन, इंजिन चालू असतानाच, पुन्हा एकदा त्या कूलंटच्या टाकीत बुडबुडे आहेत का ते बघावं.